दादासाठी कोण ओरडणार?

बालिकची, ६ जून २००३

सायकाल वहिनी,

कागदाला मासळीचा वास येतोय, त्याला इलाज नाही. सध्या मी तळ्याकाठच्या रस्त्यावर उभा राहून धुरी दिलेले मासे दोरीला टांगून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांपुढे नाचवतो. मालकीणबाई म्हणतात, मासे नको, तूच नाच, जास्त खपतील. काल एक बाई गाडीतून उतरल्या, प्रत्येक माशाचा वास घेतला, त्याच्या आईबापाची चौकशी केली आणि शेजारच्या टपरीवरून खरबूज घेऊन गेल्या. असो. मी लिहायला बसलो होतो ते वेगळंच.

लिहायचं होतं आपल्या ओर्दोच्या खेळाबद्दल. गेली दोन वर्षं शेजारच्या गावचे अक-जारवाले आपल्या डोळ्यांदेखत खान जिंकून नेतायत. वर्तुळाच्या मधोमध मेंढीच्या घोट्यांच्या हाडांचा ढीग, ढिगात खान म्हणजे राजाचं हाड, आणि पहिली फेक जर त्या ढिगात बसली नाही तर मागून कितीही नेमबाजी करा, लग्न उरकल्यावर वाजंत्री बोलावल्यासारखं. मागच्या वर्षी आपली पहिली फेक कुणाची होती, ते मी लिहीत नाही. तो माझा सख्खा भाऊ आहे आणि तुमचा नवरा. बैलाच्या घोट्याचं ते फेकायचं जड हाड कालिबेकदादाच्या हातून सुटलं ते थेट पंचांच्या चहाच्या समोवारवर जाऊन आदळलं. तेव्हा आपल्या अख्ख्या गावाने मिळून जे 'आऽऽऽ' केलं ना, ते मला अजून झोपेत ऐकू येतं. मीही केलं होतं. सगळ्यात लांब माझंच होतं.

वहिनी, तुम्ही खेळातल्या माणूस. तुमचे वडील अक-जारचे नावाजलेले नेमबाज. एसेनकुल आजोबा संघ निवडतात खरे, पण निवडण्याआधी चहाला तुमच्याच तंबूत येतात. त्यांच्या कानावर घाला: यंदा पहिली फेक तिनारची. तो माझा मित्र आहे म्हणून नाही (आहे म्हणूनही), पण त्याच्यासारखा हात दोन खोऱ्यांत नाही. दादावर माझा राग नाही. जिवंत मेंढी दादाकडे द्या, तिचं हाड तिनारकडे द्या, गावाचं भलं होईल.

पत्र दुधाच्या ट्रकवाल्या मुकाय काकांकडे देतोय. उत्तर त्यांच्याकडेच द्या, मी कुठे असेन ते ते शोधतात.

तुमचा सिरगाक

*

ताश-बुलाक, वरचं कुरण, १६ जून

धाकट्या भटक्या,

तुमच्या घरात आल्यापासून तुला मी नावाने हाक मारली नाही, आता कशाला मारू? धाकट्यांना टोपणनाव देता येतं, ही तरी सोय आहे. थोरांची आणि नवऱ्याची नावं तर जिभेवरही आणायची नाहीत. म्हणून तू ज्यांचं नाव लिहिलंस त्यांना मी 'दाढीवाले आजोबा' म्हणते आणि तुझ्या दादांना 'हे'. समजून वाच.

तुझं पत्र यायच्या आधीच मी तुझ्या मताची होते. दाढीवाल्या आजोबांना काय सांगायचं ते लोकर कापताना पाठ करत होते. मेंढ्यांना पाठ झालं. लोकर संपल्यावरचं जेवण आपल्याच तंबूत होतं. मी ठरवलं, मटण खाऊन माणसं जरा सैलावली की बोलायचं. खाऊन झालं. मी परात बाजूला सारली, डोक्याचा रुमाल सावरला, तोंड उघडलं, आणि आजोबांनी आशीर्वादाला हात पसरले.

आता हात पसरल्यावर मधे कोण बोलतंय? सगळ्यांनी पसरले. मीही पसरले. "घर भरलेलं राहो," आजोबा म्हणाले. "मेंढ्या जुळी देवोत. गवत गुडघ्याला लागो. यंदा पहिली फेक" (इथे त्यांनी ह्यांचं नाव घेतलं) "ह्याची असो, त्याचा हात खरा होवो. ओमीन!" आणि सवयीने सगळ्यांचे हात तोंडावरून फिरून खालीसुद्धा आले. माझेही. हात खाली आल्यावर मला कळलं मी कशाला ओमीन म्हटलंय. इकडे तिकडे पाहिलं तर सगळ्यांचं तसंच झालेलं. घशात घास आणि तोंडावर आशीर्वाद.

लबाड म्हातारा! जेवणाच्या आशीर्वादात संघ निवडला. आता कुणी ब्र काढायचा नाही. स्वतः मागितलेला आशीर्वाद स्वतः कोण थुंकून टाकणार?

तिनारनेही तोंडावरून हात फिरवला. हसत होता, का ते देव जाणे. आणि आमचे हे आशीर्वाद संपला तरी हात पसरूनच बसले होते. शेवटी कुणीतरी त्यात भाकरीचा तुकडा ठेवला.

माझं मत बदललेलं नाही, एवढं नक्की. पण हात फिरवला आहे. आता मी ह्यांच्या बाजूची.

सायकाल

*

तोकमोक, १ जुलै

वहिनी,

मी नाही म्हटलं ओमीन! मी तिथे नव्हतोच! म्हणजे अख्ख्या ताश-बुलाकमध्ये मोकळा असा माणूस मी एकटा. भटकण्याचे फायदे लोकांना कळत नाहीत.

मासे सोडले. आता कांद्याच्या शेतावर आहे. इथला मुकादम एवढा धार्मिक आहे की कामाच्या वेळेला दिसतच नाही. आणि परवा बांधावरून कोण चालत यावं? तिनार! कांदा कापण्याआधीच डोळ्यांत पाणी. म्हणाला, "मला डावललं रे. गावाला माझी किंमत नाही." मी म्हटलं, "अरे पण तूही ओमीन म्हटलंस ना?" तर म्हणाला, "सगळ्यांनी हात फिरवला, मी काय तोंड तसंच ठेवू?" वहिनी, माझं काळीज फाटलं. मी त्याला माझ्या वाटणीचं कालवण दिलं. त्याने खाल्लं. बरंच खाल्लं. दुःखात माणसाला भूक लागते हे मी मुकादमाकडेही पाहिलंय.

तर माझा बेत ऐका. ओर्दोच्या जत्रेच्या दिवशी पहाटे दादाची तांबडी घोडी खिंडीपलीकडे हरवायची. दादा घोडीला टाकून ओर्दो खेळायला येणारा माणूस नाही, हे तुम्हीही जाणता. तो घोडी शोधत फिरेल, आजोबांना दुसरा माणूस लागेल, आणि तिनार तिथे सहज उभा असेल, पोरासोरांशी गप्पा मारत. आशीर्वाद कुणी मोडला? कुणीच नाही. घोडीने मोडला.

घोडी हरवणं काही कठीण नाही. फक्त दोर सोडायचा.

सिरगाक

*

वरचं कुरण, १३ जुलै

धाकट्या भटक्या,

घोडीचा दोर सोडला की घोडी घरी येते. हरवतात ती माणसं. तुला हे घरातल्या कुणीच कसं सांगितलं नाही?

आता नीट बसून वाच, कांदे बाजूला ठेव.

तुला वाटतं, मी तिनारचं नाव का घेणार होते? नेमबाजी बघून? माझ्या बापाने मला चालायच्या आधी नेम धरायला शिकवला. ह्यांचा हात तिनारपेक्षा थोडा कमी आहे, फार नाही. एकटे असले की हे दहा पावलांवरून डासाला उठवतील. पण मागच्या वर्षीचं ते गावाचं 'आऽऽऽ' ह्यांच्या कानात बसलंय. तुला झोपेत ऐकू येतं, ह्यांना जागेपणी येतं. तेव्हापासून हे चारचौघांत मेंढीलाही हाक मारत नाहीत.

वसंतात सायबेरियातल्या वीटभट्टीसाठी माणसं गोळा करणारा एक जण येऊन गेला. ह्यांनी नाव दिलंय. तीन वर्षांसाठी. मी विचारलं, का? मेंढ्या आहेत, गवत आहे, मी आहे. तर म्हणाले, "यंदा मैदानात पुन्हा आपल्या माणसांनी तसं केलं, तर मी जातो. तिकडे निदान परकी माणसं हसतील." आणि झोपले. ह्यांचं बोलणं तेवढंच असतं, पण बोलले की करतात.

म्हणून मला ह्यांना खेळू द्यायचं नव्हतं. खेळले नाहीत तर हुकणार नाहीत, हुकले नाहीत तर जाणार नाहीत. आता तो दरवाजा दाढीवाल्या आजोबांनी लावला. भट्टीची गाडी वीस सप्टेंबरला येते. जत्रा चोवीस ऑगस्टला. हे हुकले तरी चालेल मला, पण गावातून तो आवाज निघता कामा नये.

हे रोज तंबूमागे सराव करतात. काल केटलीला लागलं. कुत्र्याला ह्यांच्या हातात ते हाड दिसलं की तो सरळ डोंगर चढतो.

तू ये. तुझा आवाज मोठा आहे, चांगल्या कामाला कधी वापरला नाहीस, आता वापर. येशील ना?

सायकाल

*

काराकोल, ३ ऑगस्ट

वहिनी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. सायबेरियाचं मला दादा बोलला नव्हता. पण मग दादा मला कधी काय बोललाय? लहानपणी मी नदीत पडलो तेव्हाही त्याने न बोलताच काढलं होतं, आणि घरीही न बोलताच नेलं. आईला मीच सांगितलं.

इथे कामाचा फार रेटा आहे. जर्दाळूचा हंगाम. फळ पिकलं की थांबत नाही, माणसाने थांबून चालत नाही. शिवाय बाजारात एक फोटोवाला भेटलाय, त्याच्याकडे पेंढा भरलेला गरुड आहे. लोक तो मनगटावर घेऊन फोटो काढतात. परवा एका पर्यटकाने गरुडाला खायला घालायचा हट्ट धरला, फोटोवाल्याने पैसे घेऊन घालूही दिलं. तर सांगायचं म्हणजे, चोवीस तारखेला येणं जमेल असं वाटत नाही.

दादाला सांगा, फेकताना कोपर आत ठेव. मी इथून ओरडेन. डोंगर मधे आहेत, पण आवाज मोठा आहे म्हणता ना.

तिनार बरा आहे. जेवतो.

सिरगाक

*

वरचं कुरण, १२ ऑगस्ट

हे जर्दाळूच्या झाडा,

काल माझी आई अक-जारहून आली होती. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलली आणि मग पोटात मावेना म्हणून म्हणाली, "तुमचा तिनार आमच्याकडून खेळतोय हो. मामाने बोलावलं त्याला." भाचा मामाच्या गावाकडून खेळू शकतो, रीतच आहे. रीत आहे म्हणून मी तिचा वाडगा पुन्हा भरला. मग आई म्हणाली, "आणि त्याच्या सरावाला एक लंबू असतो. हाडं वेचून देतो, नेम कुठे चुकला ते सांगतो, आमच्या घरांतून फिरून फिरून जेवतो. तुझ्या दिरासारखा दिसतो गं."

मी म्हटलं, "माझा दीर काराकोलला जर्दाळू तोडतोय."

आई म्हणाली, "मग हा जर्दाळूसारखाच दिसतो. पिकलेला आणि खाली पडलेला."

ह्यांना मी सांगितलेलं नाही. सांगू कसं? तुमचा भाऊ तुमच्या विरुद्धच्या माणसाची हाडं वेचतोय असं?

पण रडत बसायला वेळ नाही. गावातल्या बायकांना तंबूत बोलावलं. म्हटलं, पुरुषांचं मी सांगत नाही, पण आपल्यातून 'आऽऽऽ' निघालं तर त्या बाईला माझ्या घरचं ताक बंद. कबूल झाल्या. ओरडून धीर द्यायचा, हेही कबूल झालं. मग अडचण निघाली. ओरडायचं काय? बाकीच्या खेळाडूंचं नाव घेऊन ओरडतात. पण अर्ध्या बायकांचे नवरे ह्यांच्याहून धाकटे, म्हणून त्यांना ह्यांचं नाव घ्यायची चोरी. आणि मला तर नाहीच घेता येत.

तुर्दूबूबू म्हणाली, "ओ मेंढीवाले, असं ओरडू." म्हटलं, सगळं मैदान वळून बघेल. दुसरी म्हणाली, "सायकालचे हे!" तर तिसरी म्हणाली, "मी का म्हणून ओरडू सायकालचे हे, माझे हे ऐकतील." हसून हसून कुमिस सांडला. शेवटी ठरलं: "लागलं!" एवढंच ओरडायचं. हाडाला लागो, मातीला लागो, समोवारला लागो. ह्यांच्या हातून फेक सुटली की सगळ्यांनी मिळून, "लागलं!"

तिनार चांगला आहे, हे मला तुझ्याहून जास्त कळतं. चांगला तर तो राहीलच. पण आपला कोण, हा प्रश्न वेगळा असतो. मैदानाला दोन बाजू असतात, मधे फक्त हाडं. तू कुठे उभा राहतोस ते चोवीस तारखेला बघते.

सायकाल

*

नारिन, ट्रकचा अड्डा, २९ ऑगस्ट

वहिनी,

जेवायला का थांबलो नाही, ते विचाराल. आधी बाकीचं सांगतो, मग ते.

हो, मी अक-जारच्या बाजूला बसलो होतो. तिनारच्या शेजारी, त्याचं पाणी हातात घेऊन. जर्दाळूही खरे होते, फक्त ते अक-जारचे होते. मी स्वतःला समजावलं होतं की मित्राला शब्द दिला आहे, आणि दादाला काय, तो कुणाकडे बघतच नाही. तुमचं पत्र खिशात होतं. ते फार टोचत होतं, कागद जाड असतो तुमचा.

तिनारची एक खोड तुम्हाला ठाऊक नसेल. समोरच्याची फेक तो बघत नाही. बघितली की त्याचा हात जड होतो. टोपी डोळ्यांवर ओढतो, वर्तुळाकडे पाठ करून बसतो आणि शेजारच्याला विचारतो, काय झालं? त्या दिवशी तो शेजारचा मी.

दादा आला. पांढरी टोपी, तोच जुना कोट. रेघेवर उभा राहिला आणि आपल्या बाजूकडे एकदा बघितलं. मेंढपाळ आभाळाकडे बघतो ना, गारा येणार की काय, तसं. मला माझं मागच्या वर्षीचं 'आऽऽऽ' आठवलं. मग त्याने फेकलं.

हुकलं. हातभर हुकलं. ढिगाच्या बाजूने गेलं, एका हाडालाही स्पर्श नाही. आणि त्याच क्षणी तुम्ही सगळ्या, "लागलंऽऽ!" पंचांचा घोडा दोन पायांवर उभा राहिला. माझ्या हातातलं पाणी सांडलं.

तिनार टोपीखालून म्हणाला, "लागलं?"

मी तोंड उघडलं. हो म्हणावं तर खोटं, आणि तेही मित्राशी. नाही म्हणावं तर ते 'नाही' म्हणजे गेल्या वर्षीच्या 'आऽऽऽ'चाच धाकटा भाऊ, फक्त हळू आवाजातला. तिकडे दादा मान खाली घालून उभा होता आणि तुम्ही सगळ्या अशा नाचत होतात जणू त्याने खान खिशात घातलाय.

"सिरगाक, लागलं का?" तिनारने पुन्हा विचारलं.

म्हटलं, "दुसऱ्या कुणाला विचार. तो माझा दादा आहे." आणि उठलो.

वर्तुळातून चालायचं नसतं, म्हणून कडेकडेने निघालो. अक-जारच्या एका म्हातारीने कोट धरला. "कुठे रे मधेच?"

"घरी," म्हटलं.

"घर कुठे तुझं?"

"त्या समोरच्या आरडाओरड्यात."

मी पोहोचेपर्यंत तिनार फेकायला उठला होता. ढीग मोडला असेल या हिशोबाने तो पुढे आला, आणि बघतो तर ढीग जशाचा तसा. त्याला कळेना लागलं ते काय लागलं. गोंधळला, एकच हाड उडवलं. दादाची दुसरी फेकही हुकली. "लागलंऽऽ!" तेव्हा त्यात माझा आवाज होता, तुम्ही ऐकलात की नाही माहीत नाही. आणि तिसरी बसली. बरोबर ढिगाच्या पोटात. हाडं उधळली, खान उडून रेघेपर्यंत गेला. पण आपण आधीही तेच ओरडलो होतो, आताही तेच. दादाला वाटलं पुन्हा हुकलं. तो वळला आणि मान खाली घालून चालू लागला. पंचांनी धावत जाऊन त्याच्या कोटाला धरलं, "अरे बाबा, लागलंय, तुझीच पाळी आहे अजून!" तेव्हा त्याने वळून ढीग बघितला. मग आपल्याकडे बघितलं. वहिनी, तेव्हा तो हसला. मी शपथेवर सांगतो. दात दिसले.

आणि मग त्याने मला बघितलं. म्हणून मी जेवायला थांबलो नाही. खेळ संपता संपता नारिनचा ट्रक निघत होता, त्यात चढलो. कोण जिंकलं तेही मला नीट ठाऊक नाही.

तो जाणार का?

सिरगाक

*

ताश-बुलाक, ११ सप्टेंबर

धाकट्या भटक्या,

हरलो. तीन हाडांनी. पण ते कुणाला पटतच नाही. आम्ही एवढं ओरडलो की अक-जारवाले खाली माना घालून घरी गेले, त्यांच्या दोन म्हाताऱ्या मला मिठी मारून अभिनंदन करून गेल्या. माझ्या आईला दुसऱ्या दिवशी कळलं ती जिंकली म्हणून. तुर्दूबूबूचा आवाज अजून आलेला नाही, तिच्या घरात शांतता आहे, सासू माझ्यासाठी दुआ करते.

तुझा आवाज ऐकला मी. सगळ्यात लांब तुझंच होतं.

तू पळालास, आणि तुझ्या वाटणीचं मांडीचं मटण तिनारने खाल्लं. हो, आला होता जेवायला. जाणार कुठे, घर इथेच आहे त्याचं. ह्यांनीच शेजारी जागा करून दिली.

कुरणावरून खाली उतरलो आहोत. पण हे काही बोलत नाहीत. जाणार म्हणत नाहीत, राहणार म्हणत नाहीत. परवा बुटांना चरबी लावली, लांबच्या प्रवासाला लावतात तशी. मी काही विचारलं नाही. मग काल चहा पिताना एकदम म्हणाले, "तू आजोबांना कुणाचं नाव सांगणार होतीस?"

मी म्हटलं, "चहा उतू जातोय," आणि खरंच जाऊ दिला.

आता कागद मागून घेतलाय. तुला पत्र लिहिणार म्हणे. ह्यांनी आयुष्यात मला पत्र लिहिलं नाही! नऊ दिवसांनी गाडी येते, भटक्या. तुझ्या त्या ट्रकला थोडं वळव इकडे.

सायकाल

*

ताश-बुलाक, २८ सप्टेंबर

सिरगाक,

मला लिहायची सवय नाही. हे तिसरं लिहिणं आहे. पहिल्या कागदावर शेळीने पाय दिला, दुसऱ्यावर फक्त तुझं नाव झालं.

वीटभट्टीची गाडी आली होती. मी मेंढ्यांची खुरं कापत होतो. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी म्हटलं, हात मोकळा नाही. तो म्हणाला, कधी होईल? मी कळपाकडे बघितलं. अजून बऱ्याच मेंढ्या होत्या. गेला तो. बुटांना चरबी लावली होती ती पुढच्या महिन्यात लाकडं आणायला जायचं म्हणून. तुझ्या वहिनीला मी सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. आता ती म्हणते माझ्यासारख्या माणसाला वीटभट्टीतच घालायला हवं होतं.

तू ट्रकमध्ये चढलास तेव्हा मी तुला हाक मारली होती. तुला ऐकू गेलं नाही. लोक ओरडत होते.

आता एक सांगतो. तुम्ही दोघं माझ्यापासून लपवत होता ते मला ठाऊक आहे. तुला तिनार हवा होता, तिला तिनार हवा होता. लाजू नका. मलाही तिनारच हवा होता. लोकर कापायच्या आधी मी स्वतः आजोबांकडे गेलो आणि म्हटलं, मला नको, तिनारला घ्या. आजोबा पोट धरून हसले. म्हणाले, "तिनार मे महिन्यातच येऊन गेला. मामाला शब्द दिलाय म्हणाला. त्याला डावललं असं लोकांना वाटू दे, नाहीतर त्याच्या आईला विहिरीवर बायका जगू देणार नाहीत." म्हणून त्यांनी जेवणाच्या आशीर्वादात उरकलं. चर्चा झाली असती तर सगळं गाव तिनारचंच नाव घेणार होतं.

मी विचारलं, "मग तुम्हाला तरी मी हवा होतो का?"

म्हणाले, "मलाही तिनारच हवा होता. पण तो मिळत नाही म्हटल्यावर तू बरा दिसायला लागलास."

म्हणजे बघ, मैदानात जेवढी माणसं माझ्यासाठी ओरडली त्यांतल्या एकालाही मी नको होतो. मी धरून. मी रेघेवर उभा होतो तेव्हा हे मला ठाऊक होतं. आणि हुकलं तेव्हा तो आवाज आला. मला वाटलं हे सगळे आंधळे झाले. मग वाटलं, नाही, दिसतंय ह्यांना.

तिनारवर राग धरू नकोस, तो तुझ्यावर धरत नाही. काल येऊन विचारत होता, पहिली खरंच लागली होती का.

दुसरं. एसेनकुल आजोबा म्हणतात, आता गुडघे ऐकत नाहीत, पुढच्या वर्षी संघ दुसऱ्या कुणी निवडा. गाव बसलं, बोललं, आणि सगळ्यांनी तुझ्या वहिनीचं नाव घेतलं. आजवर बाईने संघ निवडलेला नाही. अक-जारवाले आत्तापासून हसतायत. मला विचारशील तर मी तिला निवडलं नसतं. घरात दिवसभर ऐकतोच, आता मैदानातही ऐकायचं. मी दुसराच माणूस धरून होतो मनात.

पण निवडली ती निवडली. बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत घरी ये. तिच्यावर कुणी हसलं तर मला मोठा आवाज लागेल, आणि माझा तेवढा नाही.

कालिबेक